कच्च्या लिंबावर राज्य येत नाही : मुलांचे गटखेळ आणि मोबाइलवरील सहकारी खेळांची रचना

मुलांचा डाव मांडला जातो तेव्हा, राज्य कोणावर याचा निवाडा होण्याआधी, एक निर्णय बहुधा न बोलताच झालेला असतो. कुणाचे तरी धाकटे भावंड मागे लागून आलेले असते. त्याला घरी धाडता येत नाही आणि धावण्यात ते इतरांच्या बरोबरीला येत नाही. मग ते 'कच्चा लिंबू' ठरते; काही घरांत 'लिंबूटिंबू'. कच्चा लिंबू धावतो, लपतो, ओरडतो, पकडलाही जातो. परंतु पकडला गेल्याने तो बाद होत नाही, आणि त्याच्यावर राज्य येत नाही. तो डावात असतो, हिशेबात नसतो.

ही व्यवस्था केवळ मराठी नव्हे. बंगालीत अशा मुलाला 'दूधभात' म्हणतात. तेलुगूत 'आटलो अरटिपंडु', म्हणजे खेळातले केळे, असा वाक्प्रचार आहे. तमिळमधील 'उप्पुक्कुच् चप्पाणि' या शब्दात मीठ येते. लिंबू, दूधभात, केळे, मीठ अशी ही पानावरची यादी पाहिली की भाषांनी परस्परांना न विचारता एकच रूपक निवडले की काय, असे वाटू लागते. कन्नडने मात्र रूपकाचा आधार न घेता सरळ व्याख्याच केली : 'आटक्कुंटु लेक्कक्किल्ल', अर्थात खेळाला आहे, मोजणीला नाही. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात बडबडगीते आणि उखाणे यांना जेवढी जागा मिळाली, तेवढी मुलांच्या या करारवाचक शब्दांना मिळालेली नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र लोकखेळ हा नाही. १९९७ ते २०२० या सुमारे पाव शतकात हातात मावणाऱ्या उपकरणांवर मुलांनी गटाने, एकमेकांच्या साहाय्याने खेळावे यासाठी जे प्रयोग झाले, त्यांचा इतिहास येथे पाहावयाचा आहे. हे प्रयोग संगणकशास्त्राच्या व शिक्षणशास्त्राच्या परिषदांत मांडले गेले, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी ते आपले मानले नाहीत. वास्तविक 'गट म्हणजे काय' या प्रश्नाची अनेक उत्तरे या प्रयोगांत नियमांच्या रूपाने लिहिली गेली आहेत, आणि नियम हीही एक संहिताच आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की या रचनाकारांनी गटाचा अर्थ 'प्रत्येक जण आवश्यक' असा केला. मुलांच्या परंपरेला त्याशिवाय दुसराही एक अर्थ ठाऊक होता : 'कुणी एक अनावश्यक असूनही आत'. पहिला अर्थ यंत्राला शिकवता आला. दुसरा शिकवण्याचे मला तरी कोठे दिसत नाही.

कच्च्या लिंबाची हकालपट्टी यंत्राने प्रथम केली असे मात्र समजू नये. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले, तेव्हाच अंगणातल्या खेळाचा क्रीडाप्रकार होण्यास प्रारंभ झाला. पुढे मैदानावर प्रत्येक बाजूचे नऊ खेळाडू ही संख्या रूढ झाली. नऊ म्हटल्यावर दहावा बाहेर गेला. वेळ, खांब आणि पंच आले. खेळ गावोगाव सारखा झाला, स्पर्धा शक्य झाल्या. त्या लाभाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु 'जितके आले तितके' ही जी अंगणाची संख्या होती, ती छापील नियमांत उतरली नाही.

आता उपकरणांकडे वळू. नोकियाच्या ६११० या फोनवर १९९७ साली 'स्नेक' हा खेळ आला. मुलांनी-मोठ्यांनी तो एकट्याने खेळला, आणि आठवणीतही तो तसाच राहिला आहे. प्रत्यक्षात त्या फोनवर दोघांनी मिळून खेळण्याचीही सोय होती : दोन फोन समोरासमोर धरावयाचे आणि अवरक्त किरणांनी त्यांची गाठ घालावयाची. म्हणजे मोबाइलवरचा खेळ जन्मतः एकलकोंडा नव्हता. मात्र त्यासाठी तसा फोन दोघांकडे असणे आवश्यक होते.

त्याच अवरक्त किरणांचा अधिक कल्पक उपयोग कॅनडातील संशोधकांनी २००१ मध्ये मांडलेल्या 'जेनी' या खेळात केला. 'पाम' जातीच्या छोट्या संगणकांवर प्रत्येक मुलाला माशांचे एक तळे दिलेले असे. ठरावीक लक्षणांचा मासा पैदास करून दाखवणे हे सर्वांचे मिळून उद्दिष्ट. त्या लक्षणांना लागणारी सारी जनुके एकाच्या तळ्यात मिळावयाची नाहीत; तेव्हा मासे एकमेकांना द्यावे लागत, कोणता मासा कोणाकडे आहे हे विचारीत हिंडावे लागत. आनुवंशिकता शिकवणे हा त्याचा घोषित हेतू. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यातील युक्ती : प्रत्येकाच्या हातात मुद्दाम अपुरे काही तरी ठेवावयाचे. सहकार्याचा उपदेश करण्याऐवजी अपुरेपणाची वाटणी करावयाची. या युक्तीने पुढील प्रयोगांना पाया दिला.

तिचे सर्वांत निखळ रूप चिलीमध्ये दिसते, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तेथे थोडे रेंगाळणे योग्य होईल. सँटियागोच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठातील गुस्ताव्हो सुरिता आणि मिगेल नुस्बाउम यांनी २००४ मध्ये पहिलीतल्या मुलांसमवेत केलेले काम प्रसिद्ध केले. तीन-तीन मुलांचे गट, प्रत्येकाच्या हातात बिनतारी जोडलेले छोटे यंत्र. त्यांतील एका खेळात प्रत्येकाच्या पडद्यावर एकेक अक्षरावयव येई, आणि तिघांनी मिळून शब्द घडवावयाचा असे. माझ्या पदरचे उदाहरण द्यावयाचे तर एकाकडे 'पे', दुसऱ्याकडे 'लो', तिसऱ्याकडे 'ता'. तिघांनी क्रमाने आपापला अवयव दिला तर 'पेलोता', म्हणजे चेंडू. पहिल्या दोघांनीच दिला तर 'पेलो', म्हणजे केस. शब्द मान्य असल्याची तिघांचीही संमती आल्याखेरीज यंत्र पुढे सरकत नसे. हाच उद्योग कागदाच्या तुकड्यांनी केला असता मुलांत समन्वय राहत नाही, एखादा दांडगा मुलगा सगळे तुकडे स्वतःकडे ओढून बसतो, असे संशोधकांना आढळले होते. यंत्रामुळे तुकडा ओढता येईना. 'लो' ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलावेच लागे.

शब्द ही एकाची मालमत्ता नव्हे, हे भाषाशास्त्राच्या पहिल्या धड्यातले सत्य सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हातात असे मूर्त झालेले पाहून कोणाही भाषाप्रेमीस हर्ष व्हावा. मलाही झाला. लगेच हा खेळ मराठीत आणावा असा मोह पडला, आणि तेथेच अडखळावे लागले. स्पॅनिश शब्दाचे अवयव जिभेवर जसे पडतात, जवळजवळ तसेच ते कागदावरही तोडता येतात. मराठीचे तसे नाही. 'कमल' या शब्दाची लिखित अक्षरे तीन : क, म, ल. 'कलम' हा शब्दही तीच तीन मुले जागा बदलून उभी राहिल्यास तयार होतो, हे फारच सोयीचे. परंतु 'कमल' उच्चारताना 'क' आणि 'मल्' असे दोनच अवयव कानावर पडतात. तिसऱ्या मुलाच्या हातातील 'ल' मुखात आला की स्वरहीन होतो. 'भक्ती' लिहिताना भ आणि क्ती असे तुटते, टाळ्या वाजवीत म्हणताना 'भक्' आणि 'ती' असे. मग कोणत्या मुलाच्या हातात काय द्यावयाचे? डोळ्यांचे अक्षर की कानांचे? हा तांत्रिक तपशील नव्हे. गटाचे सभासद किती, हे लिपी ठरवणार की उच्चार, असा तो प्रश्न आहे. एका भाषेतील खेळ दुसऱ्या भाषेत नेताना शब्द बदलून भागत नाही. तुकडे पाडण्याची रीतच बदलावी लागते. खेळाचे भाषांतर हे छंदाच्या भाषांतराला जवळचे आहे, असे मला वाटते ते यासाठी.

आणखीही एक शंका उरते, आणि ती मला अधिक छळते. 'लो' ज्याच्या हातात आहे त्याला वाचताच येत नसेल तर? खेळाचा सारा डोलारा त्याच्यावर उभा आहे. तो चुकला की तिघेही अडतात. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाकडे प्रथमच दोघे जण वळून पाहतात, त्याला समजावतात, हे खरे, आणि शिकण्याच्या दृष्टीने तोच या रचनेचा उत्तम गुण. पण वळून पाहणाऱ्या त्या डोळ्यांत दर वेळी ममताच असेल असे नाही. जो आवश्यक आहे तो अडथळाही होऊ शकतो. कच्चा लिंबू कधीच अडथळा होत नाही, कारण त्याच्यावाचून काही अडत नाही.

इंग्लंडमध्ये याच सुमारास, २००३-०४ मध्ये, 'सव्हाना' नावाचा प्रयोग झाला. ब्रिस्टलची फ्युचरलॅब, नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि बीबीसी यांचा त्यात सहभाग होता. अकरा-बारा वर्षांची मुले शाळेच्या मैदानावर सिंह होऊन हिंडत. हातात उपग्रहाकडून स्थान जाणणारा छोटा संगणक, कानांत आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशाचे आवाज. मोठ्या जनावरावर एकट्या सिंहाने झडप घालून उपयोग नसे. पुरेशा सिंहांनी एकाच टापूत येऊन एकाच वेळी हल्ला करावा लागे. कल्पना मोहक आहे. खेळताना मात्र विलक्षण घोटाळे झाले. दोन मुले शेजारी-शेजारी उभी राहून हल्ला करीत आणि यंत्र म्हणे, तुम्ही एकत्र नाही. कारण मैदानाचे जे अदृश्य टापू पाडलेले होते, त्यांतील दोघांची सीमा नेमकी त्या दोन मुलांच्या मधून जात होती. शिवाय उपग्रहाने सांगितलेले स्थान काही पावले इकडचे तिकडे. नवीन टापू लागल्याची खूण मिळताच मूल थबके, त्यामुळे ते बहुधा सीमेवरच उभे राही. २००५ मध्ये संशोधकांनी या फजितीचे प्रांजळ विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि माझ्या मते संपूर्ण प्रयोगातील तोच भाग सर्वाधिक वाचनीय आहे. आपण सोबत आहोत, हे मुलांना खांद्याला खांदा लागला म्हणून कळत होते. यंत्राला ते नकाशावरून ठरवावयाचे होते. लंगडीचे रिंगणही सीमाच. पण ते खडूने आखलेले, सर्वांना दिसणारे आणि वाद घालण्यास खुले असते.

भारतातील प्रयोगांची पार्श्वभूमी निराळी आहे. येथे प्रश्न उपकरणे कशी जोडावीत हा नव्हता. एकाच उपकरणाभोवती जमलेल्यांचे काय करावे हा होता. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातील उदय सिंह पवार, ज्योजित पाल आणि केंतारो तोयामा यांनी ग्रामीण शाळांतून पाहिले, की एका संगणकापुढे अनेक मुले बसतात आणि माउस एकाच्या मुठीत राहतो. त्यांनी २००६ मध्ये मांडलेला उपाय साधा होता : एका संगणकाला अनेक माउस जोडावे, प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा. इंग्रजी शब्द शिकवण्याच्या खेळात त्यांनी दोन पद्धती करून पाहिल्या. एकीत जो प्रथम अचूक उत्तर देईल त्याच्यामुळे खेळ पुढे जाई; दुसरीत सर्वांनी एकच उत्तर निवडल्याखेरीज पुढे जाता येत नसे. शर्यतीच्या पद्धतीत मुलगे शब्द न वाचताच भराभर क्लिक करीत सुटत. हे वाचून कोणा शिक्षकास आश्चर्य वाटेल असे नाही. तथापि एकच खेळ केवळ एका नियमाने दोन भिन्न समाज घडवतो, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचित मिळतो.

मोबाइलचा खरा भारतीय अध्याय म्हणजे बर्कले येथील मॅथ्यू कॅम यांनी २००४ पासून चालवलेला 'मिली' हा प्रकल्प. उत्तर प्रदेशातील ग्रामीण मुलांनी शाळेबाहेर, सवडीने, फोनवरील खेळांतून इंग्रजी शिकावे असा त्याचा हेतू. आरंभी रचलेले खेळ मुलांच्या खेळविषयक समजुतीशी जुळेनात. तेव्हा कॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले ते दाद देण्यासारखे आहे : मुले मुळात काय खेळतात हे पाहण्यास ते गेले. गावातील २८ पारंपरिक खेळांचे चित्रीकरण करून, ते चालतात कसे याची त्यांनी छाननी केली, पाश्चात्त्य व्हिडिओ खेळांशी तुलना केली आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यापुढील अभ्यासात २६ आठवडे मुलांनी शाळेबाहेर आपणहून फोन कितपत वापरले, हेही पाहिले गेले. भारतातील अंगणखेळांची इतक्या गांभीर्याने दखल घेणारे संगणकशास्त्र मला तरी अन्यत्र आढळलेले नाही.

तरीही तुलनेच्या अभ्यासकाने येथे हात वर केला पाहिजे. तुलनेच्या एका पारड्यात भारतीय खेड्यातील मैदानी खेळ आहेत, दुसऱ्यात पाश्चात्त्य व्हिडिओ खेळ. दोन संस्कृतींची तुलना म्हणून जे मांडले आहे, ते बऱ्याच अंशी दोन माध्यमांची तुलना होऊन बसते. खेड्यातील खेळांसमोर ठेवावयास हवे होते ते इंग्लंडच्या गल्लीतील खेळ. आणि त्यांचे दप्तर उपलब्ध होते. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५९ मध्ये शाळकरी मुलांच्या भाषाव्यवहारावर आणि १९६९ मध्ये रस्त्यावरील व मैदानातील खेळांवर जे ग्रंथ लिहिले, त्यांत हजारो ब्रिटिश मुलांकडून मिळवलेली सामग्री आहे. डावाच्या मध्यात पळणारे मूल स्वतःसाठी तात्पुरता तह जाहीर करते, त्यासाठीचे शब्द इंग्लंडच्या कोणत्या भागात कोणते, याचा नकाशाच ओपींनी दिला. आपल्याकडील मूल मूठ वळून 'टॅम्प्लीज' म्हणते. बुटाची नाडी सुटली, ठेच लागली, आईने हाक मारली : टॅम्प्लीज. हा शब्द इंग्रजीतून आला खरा. पण ज्या इंग्रजी मुलांची ती भाषा, त्यांच्या तहाचे शब्द निराळेच आहेत. नेमकी हीच गंमत पाश्चात्त्य-पौर्वात्य या ढोबळ चौकटीत निसटते. तह, कच्चा लिंबू, राज्य कोणावर याचे तंटे या गोष्टी खेळाच्या नियमांत मोडत नाहीत, नियम कोणाला लागू याच्या वाटाघाटीत मोडतात. आणि त्या वाटाघाटी लंडनच्या गल्लीत आणि लखनौजवळच्या खेड्यात परस्परांना जितक्या जवळच्या आहेत, तितक्या कोणत्याही व्हिडिओ खेळाला नाहीत.

यानंतरचा इतिहास प्रयोगशाळांच्या हातात राहिला नाही. ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी निदान एक स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले, असे 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत दिसून आले. त्या स्मार्टफोनवर किशोरवयीन मुले चौघांची टोळी करून 'पब्जी' खेळत होती, २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्यावर बंदी घालीपर्यंत. सहकारी खेळाचा हेतू मनाशी धरून कोणी संशोधकाने जे साधले नाही, ते एका नेमबाजीच्या खेळाने साधावे, यावर काय बोलावे! टाळेबंदीत दुसरा जो खेळ घरोघर पोहोचला तो 'लुडो किंग', नवी मुंबईत तयार झालेला आणि २०१६ पासून चालू असलेला.

त्याची वंशावळ सांगितल्यावाचून राहवत नाही. लुडो हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९६ मध्ये, इंग्लंडात पेटंट घेतलेला खेळ. तो पचिसीवरून, म्हणजे आपल्या सोंगट्यांच्या पटावरून, बेतलेला. पट तोच, फुलीच्या आकाराचा. कवड्या जाऊन फासा आला. परंतु आणखीही एक गोष्ट बदलली. पचिसीत चौघे खेळतात ते दोन जोड्यांनी, समोरासमोर बसणारे एकमेकांचे भिडू. दोघांच्याही सोंगट्या घरी पोहोचल्याखेरीज जिंकणे नाही. म्हणून पुढे गेलेला भिडू मागे राहिलेल्याच्या मदतीला पटावर थांबू शकतो, आपली सोंगटी घरात न नेता पुन्हा फिरवू शकतो. लुडोत चार रंग चार जणांचे, ज्याचा तो. भिडू इंग्लंडात गळून पडला आणि खेळ परत आला तो त्याच्यावाचून.

गेल्या हिवाळ्यात येथील विद्यापीठाच्या निवासी वसाहतीत, माझ्या अतिथिगृहाच्या पायरीवर, चार मुले एकच फोन मध्ये ठेवून लुडो खेळत बसत. फोन हातोहात फिरवून एकाच पडद्यावर खेळण्याची जी सोय त्यात आहे, ती त्यांनी घेतली होती. मुले चार भाषांची, बोलणे मोडक्या हिंदीत. पाचवा एक होता, जेमतेम तीन वर्षांचा, कुणाचा तरी भाऊ. रंग चारच, त्याला रंग नव्हता. तरी प्रत्येकाची पाळी आली की फोन प्रथम त्याच्यापुढे धरला जाई. तो बोटाने फासा दाबी, फासा गरगरे, तो हसे, आणि मग ज्याची पाळी तो आपली सोंगटी चालवी. सहा पडले की चारही जण त्या लहानग्याची पाठ थोपटीत; एक पडला तर कोणी त्याला बोल लावीत नसे. त्या खेळाच्या संगणकीय संहितेत पाचव्या खेळाडूचे नाव नाही. त्याला काय म्हणतात, असे मी विचारले तेव्हा मुले एकमेकांकडे पाहू लागली. तेलुगू मुलगी म्हणाली, अरटिपंडु. इतरांना तो शब्द नवीन होता, आणि दुसऱ्या दिवसापासून चौघेही त्याला त्याच नावाने हाक मारू लागले.